दर रविवारचं पत्र

डिंगोरे,
१९ नोव्हेंबर २००६

ती. आदेशदादास प्रतिभाचा नमस्कार.

तुझं विमान सुखरूप पोचल्याचा वहिनीचा फोन शेजारी गेणूकाकांकडे आला होता. इकडे बरं आहे. कांद्याची लागण परवा उरकली. थंडी पडायला लागली. तात्यांचे कपडे अजून कुणाला दिलेले नाहीत.

निघताना तू म्हणालास, "झाली ना सुट्टी? आता काहीतरी खरं काम बघ." गाडी सुरू होती, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

ती सुट्टी नव्हती, दादा. नऊ वर्षं पुण्यात बसून मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम लिहिले, कुणाच्या गोदामाचे, कुणाच्या दुकानाचे. जानेवारीत हातातली कामं संपवली, नवी घेतली नाहीत, आणि कॉम्प्युटर घेऊन इथे आले. मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम मला करायचा होता. काचबिंदूने तात्यांची नजर गेली तेव्हापासून तो डोक्यात होता. एकेक अक्षर माझ्याच आवाजात भरलं. चार महिने शेजारीपाजारी माझं 'क का कि की' ऐकत होते. सावळेरामची पोरगी बिघडली असं गावभर झालं. लाइट जायची, केलेलं पुसलं जायचं. मे महिन्यात त्याने पहिल्यांदा पेपर वाचला, अडखळत, जोडाक्षरं खात. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात आदेशची पत्रं वाचता येत्याल का?"

ओतूरच्या सायबर कॅफेतून मी तुला दोनदा मेल केली. चार ओळी पाठव, रोमन अक्षरांत चालतील, मी बदलून घेईन. तुझं उत्तर एका ओळीचं: जरा धावपळ आहे, बघतो. तीन आठवडे मी तात्यांना लाइन खराब असल्याचं सांगितलं. चौथ्या आठवड्यात पत्र मीच लिहिलं.

मग दर रविवारी एक. त्यांना खरं वाटावं म्हणून तुझी मेल आणायच्या नावाने एसटीने ओतूरला जायचं, तासभर स्टँडवर बसायचं, परत यायचं. तुझ्या परसातले टोमॅटो, तुझ्या रोहनची शाळा, ऑफिसातला साहेब. माहीत नव्हतं ते रचलं. 'तात्या, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला' असंही लिहिलं. मी इतके महिने सांगून न घातलेले थेंब ते मागून घालून घ्यायला लागले.

गेणूकाका ऐकायला यायचे. एकदा तात्या त्यांना म्हणाले, "आदेश येवढा लांब, पन जवळ हाय बघ. ही जवळ असून दिसभर त्या डबड्याम्होरं." मी चुलीपाशी होते. भाकरी उलटली. बोलले असते तर त्यांचा मुलगा गेला असता.

दहाव्याला घाटावर गेणूकाकांनी तुझा हात धरला. म्हणाले, "तुझ्या पत्रांवर म्हातारा जगला, आदेश. लई मायेनं लिव्हायचास." तू माझ्याकडे पाहिलंस. तुला सगळं कळलं, हे मी बघितलं. मग मान खाली घालून तू म्हणालास, "तेवढं तर करायलाच पाहिजे, काका."

त्यांनी पुढे विचारलं, दिवाळीला येतो म्हणाला होतास ना? त्यालाही तुझं उत्तर तयार होतं. "सुट्टी मिळाली नाही."

त्यानंतर आठ दिवस आपण एका घरात जेवलो. तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते. दिवाळीला येतोस, हे मी लिहिलं होतं. तात्या त्या आठवड्यात जेवत नव्हते, म्हणून. दोन घास जातील एवढंच मनात होतं. ते जेवले. दाढी करवून घेतली, नवी टोपी घातली आणि लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. कुठलीही गाडी वाजली की उठायचे. मी आतून बघत होते. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. हे तुझ्यावर ढकलता येणार नाही. पण तू तेसुद्धा आपल्या नावावर घेतलंस, इतक्या सहज, की माझ्याकडे कबूल करायलाही काही ठेवलं नाहीस.

मी प्रोग्रॅम पुरा होईपर्यंत इथेच आहे. जोडाक्षरं अजून नीट व्हायची आहेत.

एकोणीस पत्रं छापून सोबत पाठवते आहे. सगळी वाच. गावात पुन्हा कुणी विचारलं, तर आपण बापाला काय लिहीत होतो ते तुला ठाऊक असावं.

हे विसावं, माझ्या स्वतःच्या सहीचं,
प्रतिभा