रविवारचे कपडे

नवनगर, हुबळी
सोमवार, ३ मार्च २०२५

ती. कमलअक्का यांना नेत्राचा नमस्कार.

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमचा फोन घरी कोण बघतं ते मला माहीत आहे. शाळेत कुणी विचारलं तर भावजयीचं पत्र आहे म्हणून सांगा. कागदोपत्री अजून मी तीच आहे.

आम्ही तिघं बरी आहोत. अनिकेतची पहिलीची परीक्षा जवळ आली. कन्नडात पाठांतर करतो आणि मराठीत भांडतो. लक्ष्मी अंगणवाडीत डबा संपवायला लागली. माझं दातांच्या दवाखान्यातलं काम चालू आहे. येणाऱ्यांचे नंबर लावायचे, घाबरलेल्यांना पाणी द्यायचं.

काल उणकलच्या बागेत तुम्ही म्हणालात, "किती शहाणी झालीत गं मुलं. अळणावरात असताना एका जागी ठरत नव्हती." हसत म्हणालात, पण नंतर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलात. मोठी होताहेत, एवढंच.

दोन गोष्टी सांगायच्या होत्या. रविवारचे अकरा ते तीन हे चार तास कोर्टाने त्यांच्या वडिलांना दिलेले आहेत, त्यात मी ढवळाढवळ करू नये हे मला कळतं. मी लांबच्या बाकावरच बसते. तरी त्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट, आइस्क्रीम असलं काही देऊ नका. लक्ष्मीला खोकला आहे. आणि अनिकेतला मध्ये एकदा चक्कर आली होती, तेव्हा घसरगुंडी आणि होडी नको. पद्मनाभांना मी सांगितलं तर ते मुद्दाम नेतील. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

कपड्यांचं तुम्ही कौतुक केलंत. पद्मनाभ अनिकेतला म्हणाले, "दर रविवारी नवा शर्ट. चैन आहे साहेबांची." मी ऐकलं. स्वस्तात मिळतात. मी दुकानदाराची मुलगी, कुठे काय मिळतं ते मला कळतं.

स्टेशनवर तुम्हाला दिलेला शब्द मी पाळते आहे. वर्ष झालं.

आईंना नमस्कार सांगता आला तर सांगा.

तुमची,
नेत्रा


नवनगर, हुबळी
शुक्रवार, २१ मार्च २०२५

ती. कमलअक्का,

काल कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पायरीवर लक्ष्मीच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि गेलात.

वकिलांनी आज मला बाईंच्या टिपणाची प्रत दिली. त्यात तुमचं म्हणणं आहे. मुलं दबलेली आहेत. बागेत चार तास उभी राहतात, जमिनीला टेकत नाहीत. हातात काही दिलं तर आधी आईकडे बघतात. लक्ष्मीच्या दोन्ही काखांपाशी ओरखडे आहेत. त्याखाली बाईंनी लिहिलं आहे की आईचा हात उठत असावा, आणि मुलांना काही महिने वडिलांकडे ठेवण्याचा विचार व्हावा. तारीख ८ एप्रिलची आहे.

तुम्ही पाहिलंत ते सगळं खरं आहे. एकही शब्द तुम्ही वाढवून सांगितलेला नाही. म्हणून जे कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते.

ते कपडे आमचे नव्हते.

डिसेंबरात पद्मनाभांच्या वकिलांनी अनिकेतचा एक फोटो कोर्टात दिला. शाळेचा शर्ट, कॉलर विरलेली, एक गुंडी नाही. आईला मुलांना धड कपडे घालता येत नाहीत, असं त्यासोबत लिहिलं होतं. त्या शनिवारी मी नव्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या बिलावर खाली छापलेलं असतं, न वापरलेला माल सात दिवसांत परत.

आमच्या अप्पांचं बाजारातलं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान तुम्ही पाहिलं होतंत. तिथे कपडे पसंतीला जायचे. बायकांनी बाजारात यायचं नाही अशी पुष्कळ घरं तेव्हा होती. अप्पा आठ-दहा फ्रॉक आणि शर्ट बांधून द्यायचे. घरी मुलाला घालून बघायचं, म्हातारीला दाखवायचं, आवडेल ते ठेवायचं, बाकीचे दुसऱ्या दिवशी परत. परत आलेल्या कपड्यांच्या घड्या मी घालायची. घडी जुन्याच मोडीवर पडली पाहिजे, नाहीतर अप्पा उलगडून पुन्हा घालायला लावायचे. कपडा न्यावा, अंगावर बघावा, परत आणावा, यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. न वापरलेला हा शब्द मी वाचला होता. मी स्वतःला म्हटलं, पसंतीला नेते.

लेबलाचा प्लास्टिकचा दोरा तोडायचा नाही. पुठ्ठा आत वळवून काखेच्या शिवणीला टाचणीने लावायचा. रविवारी घालायचे, सोमवारी घडी घालून परत द्यायचे. डिसेंबरपासून असंच चाललं. लक्ष्मीच्या काखेतले ओरखडे त्या पुठ्ठ्यांचे आहेत. काल ती घरच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये होती म्हणून दिसले.

मुलांना मी आधी तो खेळ म्हणून सांगितला. स्टॅच्यू. बागेत जायचं आणि जो जास्त वेळ उभा राहील तो जिंकला. पहिल्या रविवारी दोघं हसत होती. तिसऱ्या रविवारी अनिकेत म्हणाला, "आई, मी हरतो, मला बसू दे."

लक्ष्मीने एकदा विचारलं, "हा फ्रॉक कुणाचा?"

"दुकानाचा."

"दुकानाला मुलगी आहे?"

"आहे."

"मग ती आज काय घालणार?"

त्या दिवशी मी हसले होते.

फेब्रुवारीत परत करायच्या काउंटरवरची मुलगी मला ओळखायला लागली. "ई वारनू ब्याडेन्री, अक्का?" म्हणाली, ह्याही आठवड्यात नको का. तिने फ्रॉक नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि तो बाजूला ठेवला. पुढच्या सोमवारी मी तिच्या जेवायच्या सुट्टीत, ती नसताना गेले. अक्का, चूक कळायला मला तेवढं पुरायला हवं होतं.

आता गेल्या रविवारचं. तुम्ही लक्ष्मीला काला खट्टाचा बर्फाचा गोळा घेऊन दिलात. माझ्या पत्रातलं तुम्हाला आठवत असणार, पण खोकला कुठे दिसत नव्हता, आणि चार वर्षांच्या मुलीला एक गोळा द्यायचा नाही तर काय करायचं. तिने तो घेतला आणि हात लांब धरून उभी राहिली. पांढरा फ्रॉक होता. गोळा वितळून कोपरापर्यंत ओघळ आले, तशी ती कमरेत वाकली, म्हणजे थेंब जमिनीवर पडावेत. काडी उरेपर्यंत ती तशीच होती. तिने जीभ लावली नाही. तुम्ही तिच्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. उठून यावं असं मला वाटलं. मी बाकावरून उठले नाही.

घरी आल्यावर मी तिला शाबासकी दिली, अक्का. जवळ घेतलं आणि म्हटलं, शहाणी माझी बाय. हे मी का लिहिते आहे मला माहीत नाही. टिपणात ते नाही. पण त्या टिपणात जे जे आहे त्याहून मला हे वाईट वाटतं.

कोर्टात मी लिहून दिलं आहे की दर रविवारी मुलांना मी वेळेवर, नीटनेटकी बागेत आणते, तिथे ती मजेत असतात. आणते. नीटनेटकी असतात.

बाईंनी काल अनिकेतला एकट्याला विचारलं, कपड्यावर डाग पडला तर काय होईल. तो म्हणाला, "मग आई आम्हाला ठेवणार नाही." बाईंनी ते त्याच्याच शब्दांत उतरवलं आहे. मी त्याला सांगितलं होतं, कपडे नीट राहिले तरच तुम्ही माझ्याकडे राहाल. मी खरं तेच सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलाने त्यातून आणखी काय काढायचं होतं?

आता राहिलं हाताचं.

माझा हात उठत असावा, असं लिहिलं आहे. त्या घरात हात कुणाचा उठायचा ते तुम्ही पाहिलेलं आहे. वखारीतून घरी आल्यावर, जेवणाच्या ताटावर, आईंच्या समोर. मागच्या मार्चमध्ये मी मुलांना घेऊन निघाले तेव्हा तुम्ही अळणावर स्टेशनवर आलात आणि म्हणालात, "नेत्रा, एवढं कुठे लिहून देऊ नकोस. आईचं वय झालंय, गावात तोंड दाखवायचंय. पद्मनाभला मी सांभाळते." मी हो म्हटलं. अर्जात लिहिलं, स्वभाव जुळत नाहीत. वकील दोनदा म्हणाले, "अजून काही असेल तर सांगा." मी काही नाही म्हटलं.

मला तुमच्याकडून त्यांच्याविरुद्ध काही नको आहे. ८ तारखेला इतकंच सांगा, की कपड्यांचं कारण तुम्हाला नंतर कळलं. पत्र दाखवलंत तरी चालेल.

या रविवारी मुलांना ताप आहे, असं मी वकिलांमार्फत कळवते आहे. ताप नाही. माझ्याकडे घालायला काही नाही.

नेत्रा


नवनगर, हुबळी
सोमवार, ३१ मार्च २०२५

ती. कमलअक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. काल पाडव्याला तुम्ही बागेत येणार म्हणून मी वाट पाहिली. पद्मनाभ एकटेच आले. "कमलअक्काचं डोकं दुखतंय," म्हणाले. तुम्ही पत्र वाचलं आहे, एवढं मला त्यावरून कळलं.

सणाचा दिवस, सगळी बाग नव्या कपड्यांनी भरली होती. मी मुलांना घरचे कपडे घालून आणलं. अनिकेतला तोच विरल्या कॉलरचा शर्ट, लक्ष्मीला बिनबाह्यांचा फ्रॉक. फाटकापाशी मी सांगितलं, आज बसा, लोळा, काय हवं ते करा. ती उभीच राहिली. मग मी मातीत बसले, साडीसकट. लक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच एक गुडघा टेकला. त्यानंतर अर्धा तास ती दोघं मला सापडत नव्हती. घसरगुंडीवरून उलटी, पोटावर, एकमेकांच्या अंगावर. अनिकेत तळ्याच्या काठी गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. वर्षभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

पद्मनाभ फोनवर फोटो काढत होते. पाडव्याला चिखलाने भरलेली, जुन्या कपड्यांतली मुलं. ते फोटो ८ तारखेला दिसतील. मला ते दिसत होतं आणि मी मुलांना हाक मारली नाही.

त्यांनी दोघांना सणाचे कपडे आणले होते. चांगले होते, मापाचे होते. अनिकेतने शर्ट हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, कधी परत द्यायचा?"

"परत कशाला?"

"उद्या दुकानात."

पद्मनाभांना समजायला एक क्षण लागला. मग ते माझ्या बाकाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "वा. भाड्याने नटवत होती होय तुम्हाला? आणि मी म्हणतोय, दातांच्या दवाखान्यात एवढं काय मिळतं." दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मला राग आला नाही. आता ते सगळ्यांना ठाऊक झालं, असं काहीतरी वाटलं.

याच्यानंतरचं तुम्ही नीट वाचा. लक्ष्मी पळत आली आणि दोन्ही चिखलाचे हात त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ठेवून त्यांना बिलगली. तिला भीती नव्हती, काल मीच तिला हवं ते कर म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तिला दूर केलं आणि हात वर नेला. बाग भरलेली होती. हात खाली आला नाही, तसाच डोक्यावर नेऊन त्यांनी केस मागे सारले. बाजूच्या माणसांना वाटलं असेल, केसच सारायचे होते.

अनिकेत मध्ये येऊन उभा राहिला होता. माझ्या वेळी तो असा उभा राहायचा तेव्हा चार-साडेचार वर्षांचा होता. मला वाटायचं, त्याला आठवत नाही.

कालपर्यंत तो हात फक्त माझ्यावर होता. म्हणून मला तुम्हाला शब्द देता आला. मुलांच्या वतीने तो शब्द मी दिलेला नव्हता, मला तसा अधिकारही नव्हता. आज सकाळी वकिलांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. तारखा आठवल्या तेवढ्या सांगितल्या. तुम्ही त्या त्या वेळी कुठे उभ्या होतात तेही सांगितलं. तुम्हाला बोलावणं येईल. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

वकील म्हणाले, "वर्षभर गप्प राहून आता बोलताय, कपड्यांच्या बाबतीतही खोटेपणा उघड झालाय, तुमच्यावर विश्वास बसणं कठीण." बरोबर आहे त्यांचं. दुसरा साक्षीदार नाही. आई बोलणार नाहीत. तुम्ही आहात.

८ तारखेला अकरा वाजता आमचं नाव पुकारतील. तुम्ही भावाच्या शेजारी बसा, मला त्याचं काही वाटणार नाही. तुम्हाला त्याच घरात राहायचं आहे हेही मला कळतं. पण तुम्ही मला खोटं ठरवलंत, तर संध्याकाळच्या गाडीने दोन्ही मुलं अळणावरला येतील. लक्ष्मी कुणाच्याही अंगाला हात पुसते. अनिकेत मध्ये उभा राहतो, आणि तो अजून छातीइतकाही नाही. तिथून पुढे त्याच्या जागी तुम्हाला उभं राहावं लागेल. रोज, आणि तुम्ही शाळेत असाल तेव्हाही.

तुमचा शब्द मोडलेली,
नेत्रा