चोळीबांगडीच्या जमिनीतली विहीर

सगळ्यांच्या आधी आली ती माझी जुनी मैत्रीण गुलजारबी. पाहुणे अकराला यायचे होते आणि ही साडेआठालाच नवी ओढणी घेऊन ओट्यावर हजर. म्हणते, "भागू, परदेशातली लोकं येनार, तू एकटीच बोलून मोकळी होशील, म्हनून लवकर आले." तिच्यामागून शाळेचे मनोज गुरुजी, मग आमच्या पाणी संस्थेच्या बाया. सगळ्यांत शेवटी आला माझा मुलगा वाल्मीक, जो माझ्याच घरात राहतो. तो कुठं गेला होता ते पुढं येईलच. हा कागद त्याच्यामुळंच लिहायला घेतला आहे.

आता कायद्याचं लिहिते. मी, भागुबाई भ्र. नाथा खातळे, वय एकाहत्तर (त्या वेळच्या गुरुजींनी शाळेत घालताना टाकलं त्याप्रमाणे, खरं आईला माहीत होतं), धंदा शेती, राहणार चिंचदरा, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, दृष्टी मोतीबिंदू काढल्यापासून सुनेपेक्षा बरी आहे, आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. घरात दाब असलाच तर तो माझाच असतो. माझ्यामागं माझ्या मिळकतीची वाट कशी लावायची ते मी राजीखुशीनं सांगते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी माझ्याजवळ कोणी मागावं असं काही नव्हतंच.

माझी नात हर्षाली कळवण तालुक्यात तलाठी आहे. तिनं शुद्धलेखन तपासलं आहे. मधलं बोलणं कापायचं नाही अशी तिला ताकीद आहे.

कलम एक, घर. दोन खोल्या, ओटा आणि मागची पडवी हे माझी सून छाया हिच्या नावावर व्हावं. मुलाच्या नाही, सुनेच्या. वाल्मीक आहे तसा राहील, त्याला कोणी काढत नाही. पण बाईच्या नावावर घर असलं की बाई भांडणात दाराकडं बघत नाही, चुलीकडं बघते आणि सावकाश उत्तर देते. हे मी चाळीस वर्षं दाराकडं बघून शिकले.

कलम दोन आहे विहिरीचं, आणि त्यासाठी आधी पाहुण्यांचं सांगावं लागेल.

मागच्या मंगळवारी पाच पाहुणे आले. तीन वेगळ्या देशांतले सरकारी अधिकारी, आपल्या देशातली गरिबी कशी हटवायची ते शिकायला फिरत होते. त्यांच्यात मलावी देशाच्या एक उंच बाई होत्या, हसल्या की ओटा हलायचा. बोलणं उलगडून सांगायला नाशिकच्या कॉलेजातली वेदिका नावाची मुलगी. चुणचुणीत, पण शहरातली. तिनं विचारलं, "आजी, पूर्वी दिवाळीनंतर तुम्ही सगळे कुठे जायचात?"

मी म्हटलं, "जगायला."

तिनं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी माना हलवल्या, लिहून घेतलं. मलावीच्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि वेदिका म्हणाली, "त्या विचारतायत, तिकडे राहायला आवडायचं का? घर मोठं होतं का?"

आमच्या बाया अशा हसल्या की एकीला ठसका लागला. गुलजारबी पुढं सरकली. "अगं पोरी, जगायला जानं म्हंजे मजा करायला नाय! हितं ऱ्हायलो तर उपाशी मरू, म्हनून जगायला. निफाडकडं द्राक्षाच्या बागंत, ताडपत्रीखाली, होळीपर्यंत. पोरं, कोंबड्या, म्हातारी, समदं उचलून."

वेदिकाचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा सांगितलं. मलावीच्या बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला. त्या हाताचं बोलणं वेदिकाला उलगडून सांगावं लागलं नाही.

मग गरिबीच्या परीक्षेची गोष्ट मी सांगितली. हसत हसत सांगितली, तेव्हा मात्र रडले होते. कोण गरीब आहे ते ठरवायला, वर्ग भरवल्यासारखे साहेब आले होते. तेरा प्रश्न. किती वेळा जेवता, अंगावर कपडे किती, घरात शिकलेलं कोण. मी तिसरी शिकलेली, परीक्षा म्हटल्यावर अंगात आलं. म्हटलं, दोन वेळा जेवतो साहेब, लुगडी चार, मी स्वतः शिकलेली. एकच लुगडं धड होतं, पण परक्या माणसापुढं घराची अब्रू कोण काढतं? आयुष्यात पहिल्यांदा मला चांगले मार्क मिळाले. त्या परीक्षेत कमी मार्कवाला पास होतो हे कोणी सांगितलंच नाही! माझं पिवळं रेशनकार्ड गेलं. यजमान आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "हुशार बाई केली, उपाशी ठेवलं." ते प्रश्न विचारणाऱ्या साहेबांना मी या कागदाने माफ करते. नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं एवढंच.

पाहुण्यांमधले एक चष्मेवाले विचारायला लागले, मग गरिबी गेली ती कोणत्या योजनेनं? त्यांना एका योजनेचं नाव पाहिजे होतं, वहीत लिहून मायदेशी न्यायला. मी म्हटलं, साहेब, तसं नसतं. लोक भाषणात म्हणतात, चिंचदऱ्याची माणसं कष्टानं वर आली. कष्ट माझी आई पण करत होती, माझ्याहून जास्त. ती का नाही आली वर? ती फाटक्या लुगड्यातच गेली. कष्टाला लागून काहीतरी असावं लागतं, नाहीतर कष्ट पावसाच्या पाण्यासारखे उतारानं वाहून जातात. आमच्याकडं पाऊस एवढा की आषाढात चुलीत बेडूक, आणि चैत्रात हंडा घेऊन दीड कोस. पाणी पडत होतं, थांबत नव्हतं. आमचंही तसंच.

थांबलं कसं, तर रेशन गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. भात कापून झालं, बोचकी बांधली, आणि गुलजारबी म्हणाली, "भागू, रोजगार हमीचं काम मागितलं तर सरकारला द्यावंच लागतं म्हनं. हितंच मागू." आम्ही बारा बाया इगतपुरीला तहसीलला गेलो. मागणीचा अर्ज भरला, अकरा अंगठे आणि माझी एक सही. कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. गुलजारबीनं तिथंच सतरंजी टाकली. म्हणाली, पुढचा आठवडा हितंच काढू. पाचव्या दिवशी काम निघालं, वरच्या ओहोळावर दगडमातीचे बांध. त्या हिवाळ्यात गावातून कोणी जगायला गेलं नाही. आणि मनोज गुरुजींच्या आधीचे गुरुजी फेब्रुवारीत हजेरी घेताना गोंधळले, कारण पटावरची पोरं खरोखर समोर बसली होती.

बांधांनी पाणी धरलं. मग विहीर. पाण्याची जागा निघाली ती नेमकी माझ्या दीड एकराच्या कोपऱ्यात. ही जमीन माझ्या वडिलांनी मला चोळीबांगडीला दिलेली. लेकीच्या चोळीचा नि बांगडीचा खर्च निघावा म्हणून माहेरानं द्यायची असते, तशी. सातबारा माझ्या नावावर, यजमानांचा त्यात हक्क नव्हता. तरी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुझी जमीन हाय, पन पानी कुनाच्या बापाचं?" दोन उन्हाळे सगळ्या गावानं खणलं. पाणी लागलं त्या दिवशी यजमान आत उतरून नाचले आणि चिखलात पडले. पंचायतीनं मोटर दिली, वीज आली, मग डांबरी रस्ता आला नि टोमॅटो, काकडी त्याच दिवशी घोटीच्या बाजारात जायला लागली. दुसरं पीक निघालं. पोरी हंड्यावरून सुटल्या त्या शाळेत बसल्या. हर्षाली ही आमच्या घरातली पहिली, जी एकाही वर्षी मधूनच शाळा सोडून गेली नाही. ती तलाठी झाली. यात सरकार पण आहे, आम्ही पण आहोत. एकट्या कोणाचंच नाही. चष्मेवाल्या साहेबांना मी म्हटलं, तुमच्या देशात जाऊन एवढंच सांगा, माणसाला आधी एका जागी बारा महिने राहता येऊ द्या. काम घराजवळ द्या, पाणी द्या, मग त्याच्या पोरांचं काय होतं ते बघा. आणि काय पाहिजे ते बायांना विचारा, पण नीट विचारा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुगले. तेवढ्यात मलावीच्या बाईंनी विचारलं, "ही विहीर कोणाच्या नावावर आहे?"

ओट्यावरच्या बाया वाल्मीककडं बघायला लागल्या. 

कारण विहिरीचा कागद कधी केलाच नव्हता. यजमान म्हणायचे, पाणी काय कुठं पळून जातंय? आणि वाल्मीक त्याच सकाळी घोटीला मुंबईच्या एका रिसॉर्टवाल्याला भेटून आला होता. माझं दीड एकर त्याला पाहिजे होतं. तिथं तो पोहायचा तलाव बांधणार होता. वाल्मीकनं अजून सही नाही, पण शब्द दिला होता, आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता, फक्त मला नव्हता; तो तिथंच गुलजारबीनं माझ्या कानात सांगितला.

पाहुणे गेल्यावर मी त्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "आई, जमीन तुझी हाय, मला ठाऊक हाय. पन तू गेल्यावर मलाच येनार ना? विहीर सोडून दिली तर त्या तुकड्यात काय ऱ्हातं? रिसॉर्टवाला विहिरीसाठीच घेतोय."

"आनि गाव?"

"गावानं दुसरी खणावी. आता लय योजना हायेत."

छाया आतून म्हणाली, "आनि तोवर तुमच्या पोहायच्या तलावात कपडे धुवायचे का?"

मी त्याला ओरडले नाही. विचारलं, "वाल्मीक, तू चौथीत शाळा का सोडली?"

त्यानं चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "जगायला गेलो होतो ना आपन." आणि उठून बाहेर गेला. जेवायलाही आला नाही.  मुलगा माझा आहे. विहीर राखायची तर मुलगा जाईल का, हीच एक भीती होती. हर्षालीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, दानपत्र कर, आजच्या आज लागू होतं." मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर राखायला मी आहे, मेल्यावर कागद राखेल. मृत्युपत्रच सांग कसं करायचं.

तर कलम दोन. माझ्या चोळीबांगडीच्या जमिनीतली विहीर, भोवतालचे पाच गुंठे आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंत आठ फूट वाट, हे सगळं चिंचदरा महिला पाणीवापर संस्थेला, कायमचं. पंचायतीला नाही. पंचायत दर पाच वर्षांनी बदलते, तहान बदलत नाही. उरलेली जमीन वाल्मीकला. त्यानं ती पेरावी.

कलम तीन. पोस्टातली शिल्लक गावातल्या ज्या मुली बाहेरगावी शिकायला राहतील त्यांच्या राहण्याखाण्याला. कोणत्या मुलीला, ते छाया ठरवील. तिला माणसं कळतात, नवरा सोडून.

कलम चार. रिसॉर्टवाल्यांना माझ्या विहिरीचं एक तांब्या पाणी, प्यायला, फुकट, जेव्हा येतील तेव्हा.

कलम पाच. ज्या पहारीनं विहिरीचा पहिला खडक फोडला ती मलावीच्या बाईंना. त्यांनी ती उचलून पाहिली आणि एका हातानं उचलली, गावात ते कोणाला जमत नाही. विमानात नेऊ देत नाहीत म्हणे. मग बोटीनं न्यावी.

साक्षीदार म्हणून गुलजारबीच पाहिजे होती, पण हर्षाली म्हणाली, ती संस्थेची सदस्य आहे, तिला यातून लाभ आहे, तिनं साक्ष देऊ नये. गुलजारबी दोन दिवस रुसली. "सतरंजी मी टाकली, अन् साक्ष दुसरा देनार?" शेवटी तिच्या मुलाला, निसारला, तिनंच पुढं ढकललं. त्याचा पिकअप आहे, सदस्य नाही.

आज सकाळी हे सगळं मोठ्यानं वाचलं. वाल्मीक दारात उभा राहून ऐकत होता. संपल्यावर मोजायची टेप घेऊन निघून गेला. मी छायाला म्हटलं, गेला. तासाभरानं निसार पळत आला. म्हणाला, वाल्मीकदादा विहिरीच्या वाटेवर चुन्यानं खुणा करतोय. मी काठी घेऊन गेले. वाट आठ फूट नव्हती, बारा फूट होती. मी म्हटलं, "मोजता येत नाय का तुला?"

तो वर न बघता म्हणाला, "आठात पिकअप वळंल का? टोमॅटो काय डोक्यावर नेनार बाया? कागदात बारा लिव. आनि त्या मुंबईवाल्याला मी नाय म्हनून फोन केलाय."

म्हणून कलम दोनमध्ये आठ फुटांच्या जागी बारा फूट वाचावे. खाडाखोड माझ्या हातची, शेजारी सही केली आहे.

लिहून देणार: भागुबाई नाथा खातळे (सही, पूर्ण नाव, अंगठा नाही)

वारस म्हणून माझी काही हरकत नाही: वाल्मीक नाथा खातळे (सही)

साक्षीदार:
१. निसार शेख, चिंचदरा (सही)
२. मनोज गुरुजी, जिल्हा परिषद शाळा, चिंचदरा (सही)

ठिकाण: चिंचदरा, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक
तारीख: सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

ता.क. मलावीच्या बाईंचा वेदिकाकडून निरोप आहे. ऐन उन्हाळ्यात विहिरीत पाणी किती असतं ते बघायला सगळे पाहुणे पुन्हा येणार आहेत, गुरुवारी, २३ एप्रिलला, सकाळी अकराला. तोवर हा कागद लागू होऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे.