पायडलवरचा पाय

बजाजनगर

प्रिय फकिरा,

परवा रूपावहिनींचा फोन आला होता. तू धड जेवत नाहीस, पाचोडच्या बाजारात कुणी भेटलं की सगळ्यांना एकच सांगतोस, 'माझीच घाई झाली.' 'अतुलभाऊ, तुमचं ऐकतील ते, जरा समजवा,' म्हणाल्या. मी व्हय म्हणालो. मग तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून हे कागदावर.

मला पाच वर्षांपासून शुगर आहे, हे तुला माहीत नाही. गोळ्यांनी भागेना, तेव्हा गेल्या दिवाळीपासून इन्सुलिन सुरू झालं. कंपनीत बोललो नाही. आपण कंत्राटी माणसं; कळलं तर आधी पत्रा कापायच्या प्रेसवरून उतरवतील, मग गेटबाहेर, एवढंच डोक्यात. जेवणाच्या सुट्टीआधी मी संडासात जाऊन पोटात सुई टोचायचो. तू बाहेरून दार वाजवायचास, 'झोपला का काय रं आत?' आत मी शर्ट दातात धरून, श्वास रोखून उभा. घरी आलो तरी त्या कडी लावलेल्या संडासातून सुटल्यासारखं कधी वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. नाहीतर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणसाला सुधरत नाही. खिशात साखर ठेवा, सोबतच्याला सांगून ठेवा. साखर ठेवत होतो. सोबतचा तू होतास, तुला सांगितलं नाही.

त्या मंगळवारी सुई घेऊन बाहेर आलो आणि सुपरवायझर म्हणाला, माल अडलाय, एवढे पत्रे काढा मग जेवा. तू प्रेसमध्ये पत्रा लावत होतास, मी पायडलवर. तासभर झाला. मला दरदरून घाम आला. तू विचारलंस, 'बरं नाय का रं?' मी म्हणालो, गरम होतंय. साखर तोंडात टाकली असती तर तू लगेच विचारलं असतंस, हे काय. म्हणून टाकली नाही.

फकिरा, तू घाई केली नव्हतीस. तुझा हात आत होता, तू अजून 'हां' म्हणायचा होतास, त्याआधीच पायडलवर माझा पाय पडला आणि प्रेस तुझ्या हातावर आली. दवाखान्यात शुद्धीवर येताच तू स्वतःलाच दोष दिलास आणि मी गप्प राहिलो. चौकशीच्या कागदावरही तेच लिहू दिलं. आज सकाळी साहेबांपुढं खरं काय ते लिहून सही केली. मला प्रेसवरून उतरवलंय, पुढचं उद्या कळेल. घरी येऊन बायकोला, संध्यालाही सगळं सांगितलं. माझ्या जबाबाची नक्कल सोबत आहे, वहिनींना वाचून दाखव. रविवारी मी पाचोडला येतोय. घरात घ्यायचं का नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझाच
अतुल