अठरा शर्टांचा चष्मा

दि. ३ जून

चि. राजे यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ कानउघाडणी.

शिवणयंत्राचे तीन हप्ते थकले आणि दुकानदार यंत्र उचलायला हातगाडी घेऊन दारात आला, हे वाचून मला नवल वाटलं नाही. ज्या घरात माणसं तीन आणि छत्र्या पाच, तिथे हातगाडी यायचीच. छत्र्या म्हणे स्वस्तात मिळाल्या! आई तुला 'राजे' म्हणायची ते कौतुकानं नव्हे, हे चाळिशी आली तरी तुझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

थकलेल्या हप्त्यांचे पैसे मनिऑर्डरने पाठवले आहेत. ते माझ्या चष्म्याचे आहेत, हे नीट लक्षात ठेव. डिसेंबरात इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत आमची तपासणी असते. मुकादमबाईंसमोर एका दमात सुईत दोरा ओवून दाखवावा लागतो. जमलं नाही तर चादरी शिवायचं काम जातं आणि धुलाईघरात ओली गाठोडी उचलायला पाठवतात, पगार कमी आणि गुडघे फुकट. तेव्हा नोव्हेंबरात मला पैसे परत हवेत. तुला कळेल अशा भाषेत सांगते: अठरा शर्टांची शिलाई.

अट एकच. एका शर्टाच्या शिलाईहून महाग काहीही घ्यायचं तर आधी मला पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. पत्र जायला चार दिवस, यायला चार. आठ दिवसांत तुझी कुठलीही हौस थंड होते. व्यायामाची तर चारच दिवसांत झाली होती.

वहिनीला आणि पिल्लाला आशीर्वाद. माया आहेच, ती उधारीत धरू नये.

तुझी,
ताई

दि. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र वाचलं. हातगाडीवाला बिचारा हात हलवत परत चालला होता, म्हणून त्याला एक छत्री देऊन टाकली. आता चारच उरल्या. ताई, तुझ्या डोळ्यांचे पैसे माझ्या यंत्रात गेले याची मला खरंच लाज वाटते. अट शंभर वेळा मान्य.

आता पहिली मागणी. शेजारचा घड्याळजी रेडिओ विकतोय, फक्त बारा शर्ट. एकच स्टेशन लागतं, म्हणजे बटण फिरवून बिघडायची भीती नाही. लवकर कळव, दुसरं गिऱ्हाईक घिरट्या घालतंय.

तुझ्या वहिनीनं फळीवर एक कुलुपाचा डबा आणून ठेवलाय. कशाला, विचारलं तर उत्तर देत नाही. पत्र घडी घालून डकवायचं कामही तिनं स्वतःकडे घेतलंय, माझ्या हातून डिंक फार सांडतो म्हणे.

मोठ्या मनानं लोभ असू द्यावा, रेडिओपुरता तरी.

तुझा,
राजे

दि. १५ जून

चि. राजे यास,
आशीर्वाद.

रेडिओ नाही. एकच स्टेशन ऐकायचं असेल तर माझी पत्रं वाचत जा.

पत्राच्या तळाशी पिल्लानं पेन्सिलीनं मुंग्यांची रांग काढली आहे. बारीक आणि सरळ काढते हो पोरगी. पण कागद वाया घालवू देऊ नकोस.

लोभ आहे, रेडिओ नाही.

ताई

दि. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नकार आला तोवर घड्याळजीच्या रेडिओचं ते एक स्टेशनही बंद पडलं होतं. तुझ्या आठ दिवसांना मानलं. तुझी पत्रं मात्र मी हिला वाचून दाखवत नाही, नुसता निकाल सांगतो. बाकीचा मजकूर माझ्या अब्रूला झेपत नाही.

या खेपेला दोनच मागण्या. एक, दुकानात तीन पाखांचा आरसा. गिऱ्हाइकाला स्वतःची पाठ दिसली की ते दुसरा शर्ट शिवतं. दुसरी, पाठ टेकायची खुर्ची. स्टुलावर बसून पाठ जरा कुरकुरते, पण ते निमित्त. खरं म्हणजे दुकानाला शोभा येईल.

मुंग्यांबद्दल पिल्लाला विचारलं. ती कानांवर हात ठेवते. आणि ताई, तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? पूर्वी एका ओळीत दहा शब्द बसायचे, आता चार बसतात आणि पाचवा कागदावरून खाली पडतो.

आरशाचा आणि खुर्चीचा विचार व्हावा, माझाही व्हावा.

तुझा,
राजे

दि. ८ ऑगस्ट

चि. राजे यास,
आशीर्वाद.

आरसा नाही. तुझ्या गिऱ्हाइकांना स्वतःची पाठ दिसली तर तू लावलेल्या चुण्याही दिसतील. खुर्ची तर मुळीच नाही. आपले वडील तीस वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर बसले आणि ताठ राहिले. पाठ टेकायला मिळाली की माणूस आधी टेकतो, मग पेंगतो, मग हप्ता चुकवतो.

अक्षर मोठं झालं कारण माझ्या रागाला जागा लागते. काल एक गंमत झाली. मी उशीची खोळ चारही बाजूंनी शिवून टाकली. मुकादमबाई म्हणाल्या की उशी आता आत कशी जायची तेही सांगा. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

मुंग्या या वेळी जरा जास्तच आहेत.

माझ्या चष्म्याची आठवण असावी. लोभ त्यातच आला.

ताई

दि. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागण्या पुढीलप्रमाणे: एक तुतारी. एक काचेची मासेपेटी, माशांसकट. केसांचा एक टोप. एक घसरगुंडी. एक होडी.

आपल्याकडे नदी नाही हे मला ठाऊक आहे. कृपा करून प्रत्येकीला वेगळा नकार द्यावा, पाचांना मिळून एक देऊ नये.

उत्तराची चातकासारखी वाट बघणारा,
राजे

दि. २६ सप्टेंबर

राजे,

आशीर्वाद नंतर बघू.

तुतारी नाही. मासे नाहीत. टोप नाही. घसरगुंडी नाही. होडी नाही.

मी रोज सकाळी खिडकीत उभी राहून दोरा ओवते. आज सात मिनिटं लागली आणि शेवटी ओवला तो शेजारणीच्या पोरीनं. मी इथे सुईचं नाक शोधतेय आणि तुला वाजवायला तुतारी हवी! डोक्यावर पडलास का? मला तुझा राग येतोय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

ताई

दि. १० नोव्हेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मनिऑर्डर मिळेलच. अठरा शर्टांची शिलाई आहे, मोजून घ्यावी. उद्याच्या उद्या चष्मेवाल्याकडे जावं, ही तुमच्या भावजयीची विनंती.

त्या डब्याचं आता सांगते. तुमचा एक नकार आला की यांच्या गल्ल्यातून एका शर्टाची शिलाई काढून मी डब्यात टाकायची, असं मनाशी ठरवलं होतं. ऑगस्टात यांना ते कळलं. वाटलं होतं चिडतील. पण हे तुमची जुनी आणि नवी पत्रं शेजारी शेजारी ठेवून तुमचं अक्षर बघत राहिले. मग म्हणाले की ताईनं नकार भराभर द्यायला हवेत. रात्री जागून शर्ट शिवायला लागले आणि दिवसा तुम्ही कशाकशाला नाही म्हणाल ते शोधायला लागले. तुतारी, होडी, ऑक्टोबरातल्या दोन पत्रांतल्या मिळून दहा मागण्या, उंट आणि तोफ धरून, सगळं त्यातलंच. उंटाला तुम्ही दोनदा नाही म्हणालात, पण मी एकदाच धरलं. हिशेब चोख असावा.

एका मागणीला मात्र तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण तुम्ही मोठ्या, काही विचार करूनच म्हणाला असाल, म्हणून बोलले नाही. यंत्राचा हप्ताही वेळेवर गेला. छत्र्या तीन उरल्यात.

आमच्यावर माया असावी आणि रागावणं असंच चालू राहावं.

आपली,
वहिनी

दि. ८ डिसेंबर

चि. राजे आणि चि. सौ. वहिनी यांस,
अनेक अनेक आशीर्वाद. सप्टेंबरातले राहिलेले होते, तेही यात धरावे.

चष्मा आला. तपासणी झाली. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला. मुकादमबाई म्हणाल्या की झालं, बसा. तरी मी हौसेनं आणखी दोन सुया ओवून दाखवल्या. चादरी माझ्याकडेच राहिल्या. अक्षर बघ, एका ओळीत दहा शब्द.

राजे, तुला डोक्यावर पडलास म्हणाले. शब्द मागे घेते. तोफेसकट.

आता मुंग्यांविषयी. काल रविवार, म्हणून नव्या चष्म्यानं तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचायला काढली. पिल्लू बिचारी खरं बोलत होती. वहिनी, पत्र डकवताना तळाशी तू पेन्सिलीनं लिहीत होतीस होय! रेडिओखाली आहे: 'वन्सं, नाही म्हणा.' तुतारीखाली आहे: 'वन्सं, नाही म्हणा, आणि जोरात म्हणा.' मी न वाचताच सगळं तंतोतंत पाळलं, याचा मला फार अभिमान वाटत होता. मग दोन ऑगस्टचं पत्र हातात आलं.

'वन्सं, आरशाला नाही म्हणा, पण खुर्चीला हो म्हणा. यांना रात्री कुशीवर वळता येत नाही. मला सांगत नाहीत, तुम्हाला तर मुळीच सांगणार नाहीत.'

त्यावर मी स्टुलाचं व्याख्यान झोडलं. आणि राजे, तू त्याच स्टुलावर रात्र रात्र बसून माझा चष्मा शिवलास. मी चष्मा काढून ठेवला आणि खूप वेळ रडले. चष्मा घालून रडता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खुर्ची मंजूर. चांगली, उंच पाठीची घ्यायची, स्वस्तातली नको. निम्मे शर्ट माझ्याकडे, मनिऑर्डर आजच केली आहे. आणि आठ दिवसांची अट याला लागू नाही. हे पत्र खाली ठेवा आणि दोघंही दुकानात जा.

आई म्हणायची त्यात कौतुक नव्हतं. मी म्हणते त्यात आहे. राजे, टेकून बसा.

तुमची,
ताई