बाबा, चिमीची बोटं वेगळी होनारच

प्रिय बाबा,

नाही, तुमचं मी तवाही मानलं नव्हतं अन् आताही माननार नाही! तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तरी घरात अजून तुमचाच शब्द चालून राहिला. काल भिलाईहून ताईचा फोन आला. तिच्या चिमीची मधली दोन बोटं जन्मापासून चिकटलेली, माह्यासारखीच. डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं, तर ताई म्हनते, "बाबा असते तर हो म्हनले नसते." मी भांडलो तर म्हने, "मंग तूच समजाव बाबाले!"

घ्या, समजावून राहिलो.

मी झालो तवा मोहल्ल्यातल्या बाया आईले म्हनत, "ग्रहनात भाजी चिरली असशील, म्हून पोराचा हात असा." आई रडे. तुम्ही दारात येऊन ओरडले, "ग्रहन-फिरहन काही नसते! माह्या पोरात काहीच खोट नाही!" आईसाठी भांडले, त्याचा मले अजून अभिमान वाटते.

पन डॉक्टर बोटं वेगळी करू म्हनला, तवा कावून नाही म्हनले? ऑपरेशन केलं तर बाया म्हनतीन, पाहा, खोट होतीच! एवढंच ना? त्या बायांले हरवासाठी माहा हात तसाच ठेवला, बाबा!

शाळेत पोरं "ए बत्तख!" म्हनत, बदकाच्या पायासारखा हात म्हून. सातवीत सोडली शाळा. ठेकेदाराकडे कामाले लागलो तर हातमोजा बसेना. तुम्ही जाड सुईनं मोज्याची दोन बोटं एकात शिवून दिली. काय नीट टाके होते! मोजा फेकून द्यावा वाटला. फाटेपर्यंत वापरला.

काल फोनवर मी ताईले सांगतलं, बोटांच्या मधात नागमोडी चिरा देतात, कमी पडली तर चामडी जांघेतून घेतात, मंग काही दिवस प्लास्टर.

"दीड वर्षाची आहे रे, किती दुखंल तिले!"

"दुखंल, मंग थांबंल. माहं तर अजून थांबलं नाही."

मंग ताईनं ऑपरेशनचा खर्च सांगतला.

चिमीत खोट नाही, हे मीही म्हनतो. तरी तिची बोटं वेगळी होतीन. मोरबीच्या या टाइल कारखान्यातून सुट्टी भेटो का न भेटो, ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी राहीन. तुम्हाले राग आला तर येऊ द्या! ताईले आजच बावीस हजार पाठवून राहिलो.

तुमचाच हट्टी,
विक्की