डिंकाचा पाक आणि थोरल्या जाऊबाई

सोमवार, ता. ४
आलेला माल: डिंक अर्धा किलो, एकशे वीस. साखर दोन किलो, नव्वद. गाळायला जुनी ओढणी, फुकट. परदेशी बाटली एक, रिकामी, बारच्या मागच्या कचऱ्यातून, फुकट.

कारण लिहून ठेवते, म्हणजे मनात किल्मिष राहणार नाही. भावोजींच्या बारला लागणारा साखरेचा पाक इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरातून जातो. दारूशी माझा संबंध नाही. मी पाक देते, पुढे तो कशात पडतो ते देव बघतो. परवा थोरल्या जाऊबाईंनी हे काम बंद केलं. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धाकटे, तुझा पाक म्हणजे नुसतं गोड पाणी गं. जुन्या, खानदानी कॉकटेलला डिंकाचा पाक लागतो. त्यानं घोटाला अंग येतं. जिभेवरून कसा रेशमासारखा उतरतो!" आणि तसल्या पाकाची परदेशी बाटली नाचवली. आमचे हे तिथेच गल्ल्यावर होते. नोटा मोजत राहिले. सख्खा नवरा!

मी हसले. मला कुणाचा राग येत नाही. जाऊबाईंना धुळीला मिळवायचं, एवढंच ठरवलं.

मंगळवार, ता. ५
बेत पक्का. शनिवारी बारमध्ये वर्तमानपत्रात पेयांवर लिहिणारे एक गृहस्थ येणार. जाऊबाई त्यांना ओल्ड फॅशन्ड देणार: व्हिस्की, कडू अर्काचे दोन थेंब, बर्फ आणि चमचाभर डिंकाचा पाक. तो चमचा माझ्या पाकाचा असेल. गृहस्थ वाहवा करतील. जाऊबाई फुशारतील. मग मी उठेन.
भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी "मी क्षमा करते" असं आहे. तिथे उजवा हात वर करायचा.

बुधवार, ता. ६
पाक केला. बाटलीवर साखर आणि डिंक एवढं वाचता आलं, प्रमाण कुठे नाही. मॅट्रिकला गणित चांगलं होतं. साखर महाग म्हणून निम्मी केली. कौतुक सगळं डिंकाचं, म्हणून डिंक दुप्पट.
ह्यांनी विचारलं, "चाखून पाहिलास का?" दारूत जाणारी वस्तू मी आजवर जिभेला लावलेली नाही. बरोबर राहून माणसाला एवढंही कळू नये!
पारख दुसऱ्या रीतीने केली. देवाच्या तसबिरीचा मागचा कागद सुटला होता, तो ह्या पाकाने चिकटवला. घट्ट बसला. माल अव्वल.

गुरुवार, ता. ७
पाकात पळी उभी राहते आहे. हवा गार आहे, त्यामुळे.
संध्याकाळी पळी निघेना. पातेल्यासकट भिजत घातली. जाऊबाईंमुळे एक पातेलं अडकलं, हेही त्यांच्या खात्यावर.

शुक्रवार, ता. ८
पाक त्या परदेशी बाटलीत भरला आणि मागच्या दाराने बारमधल्या पेले भरणाऱ्या नोकराच्या हातात दिला. त्याने बाटली उलटी धरली. वाट पाहिली. पुन्हा सरळ केली. म्हणाला, "वहिनी, हे ओतायचं की कापायचं?" त्याची कौतुकाची हीच तऱ्हा.
मग कुरकुरला. "थोरल्या बाईंना कळलं तर?" मी म्हटलं, "कळायलाच तर हवंय." "मग तुमचं तुम्ही निस्तरा. मी आपला गरम पाण्यात ठेवून ओततो." हुशार आहे. बढती द्यायला हवी.
प्रार्थनेत जाऊबाईंचं नाव घेतलं. त्यांना सद्बुद्धी दे म्हटलं. रविवारपासून.

शनिवार, ता. ९, दुपारी
घसा बसू नये म्हणून कुणाशी बोलत नाही. हे म्हणाले, "आज घरात शांतता वाटते." उद्या बघा म्हणावं.

रविवार, ता. १०
काल झालं ते असं. गृहस्थांना भरघोस पांढऱ्या मिशा. त्यांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवायला गेले. पेला मिशीसकट खाली गेला. डोळ्यांत पाणी आलं. भरून आलं असावं, असं मला वाटलं. मग कसेबसे म्हणाले, "हा पाक... कुणाचा?"
जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. "आमच्या बारचाच," म्हणाल्या. माझ्या पाकाचं श्रेय डोळ्यांदेखत लाटताहेत! मी ताडकन उठले. "माझा! माझ्या घरी, माझ्या हातांनी केलाय!" सगळं भाषण म्हटलं. हात वर केला.
गृहस्थांनी रुमालाने ओठ सोडवले. म्हणाले, "बाई, ह्याने पाकिटं चिकटवा."
सगळा बार हसला. हेही हसले, दात दिसले. हसल्या नाहीत त्या फक्त जाऊबाई. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ आहे. डिंकाचा पहिलाच प्रयत्न. साध्या पाकात मात्र हिचा हात धरणारं कुणी नाही." मग स्वतः नवा पेला करून दिला. तो गृहस्थांना आवडला.
इतकी दुष्ट बाई मी पाहिली नाही. हसली असती तर निदान मला तोंड उघडता आलं असतं.
आणि मी गप्प बसले असते, तर तो डिंक त्यांच्याच माथी बसला असता. अगदी गप्प. काही करायचं नव्हतं.

मंगळवार, ता. १२
ह्यांच्याबरोबर जाऊबाईंचा निरोप: "परदेशी बाटली रोजच्याला परवडत नाही. खानदानी पेयांना ती ठेवू, बाकीच्यांना साधा पाक लागतोच. धाकटी पुन्हा सुरू करते का विचारा."
मी साफ नाही म्हटलं. मला स्वाभिमान आहे. हे "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. विचारायची पद्धत असते.

गुरुवार, ता. १४
पाकासाठी बेकरीवालीला विचारलंय म्हणे! तिचा पाक दुसऱ्या दिवशी दाणे धरतो, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

शुक्रवार, ता. १५
जाऊबाईंशी बोलणं बंद असल्याने पलीकडच्या गल्लीतल्या त्यांच्या घरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. नक्कल:

"थोरल्या जाऊबाईंस सा. न. वि. वि. तुमच्या विनंतीचा मी मोठ्या मनाने फेरविचार केला आहे. साध्या पाकात साखर पूर्ण घालीन. चाखायचं काम हे करतील. डिंकाला पाणी किती घ्यायचं, तेही सवडीने सांगितलंत तर माझी हरकत नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी तुम्हाला क्षमा केली आहे. तुम्हीही करावी. बेकरीवालीला अजून होकार दिला नसेल, तर कृपा करून उलट टपाली कळवावे."