मास्तरणीची कंबर आणि सुनेची किल्ली

३ मार्च, सोमवार
विसरलीस ना? रोज संध्याकाळी चार ओळी सांगायच्या ठरलं होतं. चार शब्दही नाहीत. तुलाच म्हणतेय, म्हातारे, म्हणजे मलाच. इथे वाचणारं दुसरं आहे कोण? आणि मला तरी कुठे अक्षर येतं? मी बोलायचं, फोनने लिहायचं, मागितलं की त्यानेच वाचून दाखवायचं. तारीखही तोच टाकतो. शहाणा आहे. माझ्यासारखाच.

आजचं पुण्यकर्म: वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीला माझी दुखण्याची गोळी दिली. रोज देते. माझ्या खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या या. कडक आहेत, सवय लागते, म्हणून त्यांच्यावर सरकारचा डोळा. पण तिची कंबर बघवत नाही. माझं औषध, माझा हात. यात गैर काय?

७ मार्च
गोळ्या संपल्या. हल्ली कागदाची चिठ्ठी नसते. डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरवर बटण दाबतात, तिकडे औषधवाल्याकडे उमटतं. सूनबाई हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आणायला गेली. तो म्हणाला, महिना सरल्याशिवाय मिळणार नाहीत. सून मला म्हणाली, आई, एवढ्यात कशा संपल्या? म्हटलं, सिंकमध्ये सांडल्या. अगदीच खोटं नाही. सांडू शकल्या असत्या.
तिने डॉक्टरीणबाईंची मनधरणी करून पंधरा दिवसांपुरत्या पुन्हा आणल्या. गुणाची पोर.
ठराव: उद्यापासून मास्तरणीला अर्धीच.

८ मार्च
अर्धी करताना सुरी सरकली. अख्खी दिली.

१५ मार्च
पुन्हा संपल्या. या खेपेला सुनेला सांगितलं, डबीच हरवली. शिवाय डोकं चालवलं. दवाखान्यात फोन करून म्हटलं, औषध पुलापलीकडच्या दुकानात पाठवा. वेगळं दुकान, वेगळा कॉम्प्युटर, त्याला काय कळणार?
सून आत शिरायच्या आधी त्याला सगळं ठाऊक होतं. सगळी दुकानं म्हणे आतून जोडलेली. आम्ही चार जावा एका स्वयंपाकघरात होतो, तरी बातमी इतक्या लवकर पोचत नसे. तिथल्या बाईने सुनेच्या गळ्यातलं नर्सचं कार्ड बघितलं आणि विचारलं, या गोळ्या नक्की खातंय कोण?
सून रिकाम्या हाताने परत आली. आल्या पावली कणीक मळायला लागली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१८ मार्च
पुलापलीकडच्या दुकानातून तक्रार गेली आणि हॉस्पिटलात वरून विचारणा आली. मेट्रनने सुनेकडून औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. शुक्रवारी चौकशी. नोकरीही जाऊ शकते. लेकाने तिला विचारलं, खरं सांग, तू घेतल्यास का? नवऱ्याने विचारलं! ती भांडी घासत राहिली. एकच पातेलं किती वेळ घासत होती.
ठराव: जेवताना सांगायचंच.

१८ मार्च, जेवणानंतर
सूप फार गरम होतं. तोंड पोळलेलं असताना असलं काही सांगता येत नाही.

१९ मार्च
सकाळी लेक घरात होता. त्याच्यासमोर कसं सांगणार? तो गेला तर सून झोपलेली. दमलेल्या माणसाला उठवू नये, एवढी माणुसकी आहे माझ्यात.

२० मार्च
सुनेचा युनिफॉर्म खुर्चीवर होता. किल्लीच्या वजनाने खिसा ओघळलेला. मी आत हात घालून बघितला. काही नव्हतं. नाही हे माहीत होतं, तरी बघितला.

वर जाऊन मास्तरणीला म्हटलं, आता गोळी मिळणार नाही. तर म्हणते, अहो, मी पहिलीच तेवढी खाल्ली. इतकं गरगरलं की बाकीच्या बटणांच्या डब्यात टाकल्या. मी म्हटलं, मग रोज हात कशाला पुढे केलात? म्हणाली, नको म्हटलं असतं तर तुम्ही रोज गप्पा मारायला वर चढला असता का?
खाली येताना जिना फार उंच वाटला.

२१ मार्च, शुक्रवार
चौकशीला मी स्वतःहून गेले. दंड मास्तरणीने धरला होता, पण पाय माझेच होते. टेबलाच्या त्या बाजूला साहेब आणि मेट्रन, या बाजूला एकटी सून. मी मास्तरणीचा बटणांचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, गोळ्या सापडल्या! साहेबांनी विचारलं, सिंकमध्ये सांडलेल्या बटणांत कशा सापडल्या? मला नेमका खोकला आला. पुढचं सगळं मास्तरणीने सांगितलं.
मी सांगणारच होते.

२३ मार्च
सुनेला किल्ली परत मिळाली. मला आता औषधवाला थोड्याथोड्याच गोळ्या देणार. त्याही सून कुलपात ठेवणार आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहणार. लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायचं. दाखवीन.
ती एकच वाक्य बोलली. आई, माझी किल्ली गेली त्या दिवशी तुम्ही समोर बसून दुसऱ्यांदा सूप मागितलंत.
मागितलं होतं. चांगलं झालं होतं.

दुपारपासून वर मास्तरणीकडे येऊन बसलेय. खाली कसं जायचं कळत नाही. फोनबाबा, आज एवढं सुनेला पाठव: पोरी, चुकलं माझं. सूप पाठव, मास्तरणीला नि मला पुरेल एवढं. मीठ कमी असलं तरी बोलणार नाही. पण तू वर येऊ नकोस. जिन्याखालून हाक मार, मी उतरून घेऊन जाईन. खुबा दुखला तरी.